वाचक विचारतात : सेकंदाला चार कोटी वेळा 'ठेवू की टाकू?'

गेल्या अंकात लार्ज हॅड्रॉन कोलायडर या प्रोटॉनांच्या टकरा घडवणाऱ्या यंत्राविषयी लिहिताना ओघात एक वाक्य आले होते : 'येथे घडणाऱ्या जवळजवळ सर्व टकरांची माहिती क्षणार्धात कायमची टाकून दिली जाते.' लेख पुढे दुसऱ्या मुद्द्याकडे वळला, वाचक मात्र त्या वाक्यापाशीच थांबले. आलेल्या पत्रांतील मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहोत. काही पत्रांचा सूर तक्रारीचा आहे आणि ती तक्रार आम्हाला बिनबुडाची वाटत नाही.

प्रश्न : एवढे अवाढव्य यंत्र उभारायचे आणि त्यातून निघालेली माहिती फेकून द्यायची, हे पटत नाही. सगळे साठवून ठेवून सावकाश का तपासत नाहीत?

उत्तर : आधी हिशेब मांडू. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील या कोलायडरच्या २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात प्रोटॉन सलग धारेने धावत नाहीत, पुंजक्यांनी धावतात. एकेका पुंजक्यात शंभर अब्जांहून अधिक प्रोटॉन असतात आणि समोरासमोरून येणारे दोन पुंजके दर २५ नॅनोसेकंदांनी एकमेकांतून आरपार जातात, म्हणजे सेकंदाला ४ कोटी वेळा. झोतात काही जागा मुद्दाम रिकाम्या ठेवाव्या लागतात, म्हणून प्रत्यक्षातला आकडा ३ कोटींच्या आसपास भरतो. अलीकडच्या वर्षांत अशा प्रत्येक खेपेला सरासरी ५० ते ६० टकरा होतात. एका खेपेच्या संपूर्ण नोंदीला या क्षेत्रात 'घटना' म्हणतात, आणि ॲटलास किंवा सीएमएस या, टकरांतून निघालेले कण टिपणाऱ्या, मोठ्या डिटेक्टरांत ती साधारण १ ते २ मेगाबाइटची होते. घटना १ मेगाबाइटची धरली तरी सेकंदाला ३० टेराबाइट झाले. वर्षाकाठी ५० लाख सेकंद टकरा चालल्या, तर एकाच डिटेक्टरची नोंद १५ कोटी टेराबाइटवर जाईल.

यावर कोणी म्हणेल की साठवणुकीची साधने दर वर्षी स्वस्त होत आहेत. खरी अडचण साठवणुकीच्याही आधी सुरू होते. माहिती डिटेक्टरच्या गाभ्यातून बाहेर काढायची तर तारा हव्यात, त्या तारांना वीज पुरवणारी आणि त्या विजेची उष्णता वाहून नेणारी व्यवस्था हवी, आणि हे सगळे सामान नेमके तेथेच बसवावे लागते जेथून कणांना कशालाही न धडकता जायचे असते. जास्त माहिती बाहेर काढण्यासाठी जास्त तारा घातल्या की त्या ताराच कणांच्या वाटेत येऊन मोजमाप बिघडवतात. म्हणून काही निवड आतल्या आतच उरकावी लागते.

शिवाय या टकरांपैकी बहुतेकांत जे घडते ते भौतिकशास्त्राला अनेक दशकांपासून ठाऊक आहे. हिग्ज बोसॉन (मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या क्षेत्राचा कण) एक-दोन अब्ज टकरांमागे एकदा निर्माण होतो. त्यातही तो दोन फोटॉनांत विघटित होण्याचे प्रमाण हजारात दोन-तीन, आणि चार इलेक्ट्रॉन किंवा म्युऑनांत (म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनासारखाच, पण जड कण) विघटित होण्याचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या आसपास. ४ जुलै २०१२ रोजी या कणाच्या शोधाची घोषणा झाली ती मुख्यतः या दोन दुर्मीळ वाटांच्या बळावर, कारण त्या दुर्मीळ असल्या तरी गर्दीतून ओळखता येतात. जी यंत्रणा ही ओळख त्या क्षणी पटवते तिला 'ट्रिगर' म्हणतात.

प्रश्न : पण २५ नॅनोसेकंदांत एखादी घटना महत्त्वाची आहे की नाही हे कसे ठरवता येईल?

उत्तर : ठरवता येत नाही आणि ठरवावेही लागत नाही. हा गैरसमज अनेक पत्रांत दिसला म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

प्रकाशसुद्धा २५ नॅनोसेकंदांत फक्त साडेसात मीटर जातो. ॲटलास डिटेक्टर ४६ मीटर लांब आहे. म्हणजे एका खेपेचे कण बाहेरच्या टोकाच्या म्युऑन कक्षांपर्यंत पोहोचण्याआधीच आत पुढच्या दोन-तीन खेपा उरकलेल्या असतात. एकाच क्षणी डिटेक्टरमध्ये तीन पिढ्यांचे कण नांदत असतात. अशा स्थितीत पुढची खेप येण्याआधी निर्णय घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

त्याऐवजी रहाटगाडग्यासारखी रचना केलेली असते. प्रत्येक खेपेची माहिती डिटेक्टरवरच्या चिपमधील स्मृतीच्या एका कप्प्यात भरली जाते आणि दर २५ नॅनोसेकंदांनी माळ एका कप्प्याने पुढे सरकते. माळेच्या शेवटच्या कप्प्यापाशी येईपर्यंत 'ठेवा' असा संदेश आला, तर त्या कप्प्यातील माहिती बाहेर पाठवली जाते. नाही आला, तर कप्पा रिता होऊन नव्या खेपेसाठी मोकळा होतो. ॲटलासच्या पहिल्या पातळीच्या ट्रिगरसाठी ही मुदत अडीच मायक्रोसेकंदांची, म्हणजे शंभर खेपांची ठेवली होती. सीएमएसमध्ये ती ४ मायक्रोसेकंदांच्या जवळ आहे. या मुदतीतला मोठा भाग विचारात जात नाही, प्रवासात जातो. संकेत तारेतून मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद घेतात, त्यामुळे डिटेक्टरपासून शंभर मीटरवरच्या खोलीत जाऊन परत येण्यातच एक मायक्रोसेकंद संपतो. ट्रिगरची यंत्रे शक्य तितकी जवळ बसवण्याचा आणि तारांची लांबी काटेकोर मोजण्याचा आग्रह यातूनच आला आहे.

उरलेल्या वेळात काय पाहता येते? सर्व काही नाही. आतल्या मार्गशोधक थरांमध्ये कोट्यवधी संवेदक असतात. त्यांची माहिती इतक्या झटपट बाहेर काढता येत नाही, म्हणून पहिली पातळी आजवर त्यांच्याविनाच काम करत आली आहे. तिच्याकडे ऊर्जामापकांतील ढोबळ बेरजा आणि म्युऑन कक्षांतील खुणा एवढेच असते. एखाद्या लहानशा भागात भरपूर ऊर्जा एकवटली आहे का (मग तो इलेक्ट्रॉन किंवा फोटॉन असू शकतो), झोताच्या आडव्या दिशेतील संवेगाची बेरीज एका बाजूला झुकते का (मग काहीतरी न दिसता निसटले असावे), जोरकस म्युऑन बाहेर पडला का, असे प्रश्न विचारले जातात. ते सोडवणारे परिपथ एफपीजीए नावाच्या चिपमध्ये असतात. या चिपची अंतर्गत जोडणी हवी तशी बदलता येते आणि तिच्यात हजारो आकडेमोडी एकाच वेळी समांतर चालतात. सेकंदाला ३ कोटी खेपांपैकी जास्तीत जास्त १ लाख येथून पुढे जातात.

प्रश्न : 'रिअल-टाइम' म्हणजे फक्त 'अतिशय वेगवान' असाच अर्थ घ्यायचा का?

उत्तर : नाही. रिअल-टाइम म्हणजे मुदतीत. पहिल्या पातळीचे उत्तर नेमून दिलेल्या क्षणीच यावे लागते. उशिरा आलेले अचूक उत्तर निरुपयोगी असते, कारण तोवर कप्पा रिता झालेला असतो. आणि लवकर आलेल्या उत्तराला वाट पाहावी लागते. म्हणूनच येथे साधे संगणक चालत नाहीत : त्यांना एखादे काम कधी पटकन, कधी सावकाश करण्याची सवय असते.

प्रश्न : सेकंदाला १ लाख घटनासुद्धा फार झाल्या. पुढे काय होते?

उत्तर : पुढची पातळी संगणकांची आहे. निवडलेल्या घटनेचे तुकडे डिटेक्टरच्या निरनिराळ्या भागांतून येतात, ते जुळवून एक घटना तयार केली जाते आणि ती हजारो प्रोसेसरांच्या समूहातील एकाकडे सोपवली जाते. १ लाख घटना आणि काही दशसहस्र प्रोसेसर असे गणित असल्याने एका घटनेला सरासरी अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ मिळतो. हा वेळ सरसकट खर्च केला जात नाही. आधी स्वस्तातले प्रश्न विचारले जातात, त्यांत नापास झालेली घटना तेथेच सोडली जाते, आणि कणांचे मार्ग जुळवण्याचे महागडे काम तग धरून राहिलेल्या घटनांपुरते राखून ठेवले जाते. सीएमएसने २०२२ पासून या कामात ग्राफिक्स प्रोसेसरही जुंपले आहेत. शेवटी पूर्ण नोंदीसह कायमच्या साठवणुकीत जातात त्या सेकंदाला एक हजार ते काही हजार घटना.

प्रश्न : कोणती घटना ठेवायची हे कोण ठरवते? त्यात मतभेद होत नाहीत का?

उत्तर : होतात, आणि ते व्हायलाच हवेत. निवडीच्या अटींच्या यादीला 'ट्रिगर मेनू' म्हणतात. त्यात शेकडो अटी असतात आणि प्रत्येक अटीमागे एखाद्या अभ्यासगटाची निकड असते. एकूण वाटप ठरलेले असल्याने एकाला जास्त दिले की दुसऱ्याचे कमी होते. एखाद्या प्रयोगाला कोणते भौतिकशास्त्र खरोखर महत्त्वाचे वाटते हे जाणून घ्यायचे असेल, तर आम्ही त्याची प्रसिद्धिपत्रके बाजूला ठेवून त्याचा ट्रिगर मेनू वाचू.

उदाहरण म्हणून एकट्या म्युऑनची अट पाहा. त्याचा आडवा संवेग साधारण २५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टांहून (कणांची ऊर्जा आणि संवेग मोजण्याचे एकक) जास्त असेल तर घटना ठेवायची, असा प्रघात आहे. ही मर्यादा २० वर आणली तर अधिक हिग्ज, अधिक टॉप क्वार्क (प्रोटॉन ज्यांचे बनतात त्या क्वार्क कुळातले सर्वांत जड कण) हाती लागतील. पण जड क्वार्कांच्या विघटनातून निघणारे सामान्य म्युऑन इतके वाढतील की साऱ्या मेनूचा वाटा हीच अट खाऊन टाकील. मर्यादा वर नेली तर डब्ल्यू बोसॉन या जड कणापासून निघालेले म्युऑन निसटू लागतात. पाच-सात गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टांच्या या फरकावर बैठकांमागून बैठका झडतात.

ज्या घटना वारंवार घडतात, पण तुलनेसाठी थोड्या तरी हव्या असतात, त्यांच्यासाठी 'प्रीस्केल' ही युक्ती आहे : अट पूर्ण करणाऱ्या दर हजारांतली, किंवा दर लाखातली, एकच ठेवायची. झोत जसजसा झिजतो तसतशी टकरांची संख्या घटते आणि जागा मोकळी होऊ लागते. मग हे भाजक चालू प्रयोगातच टप्प्याटप्प्याने खाली आणतात, म्हणजे मोकळी जागा वाया जात नाही.

मेनूतील निवडीचे परिणाम दूरवर पोहोचतात. हिग्ज बोसॉन निम्म्याहून अधिक वेळा बॉटम क्वार्कांच्या जोडीत विघटित होतो, तरी ही सर्वांत रुळलेली वाट निर्विवादपणे दिसायला २०१८ साल उजाडले. बॉटम क्वार्कांपासून कणांचे फवारे निघतात, आणि असे फवारे प्रोटॉनांच्या टकरांत इतके पैशाला पासरी असतात की त्यांच्यावर भरवसा ठेवून घटना निवडताच येत नाही. शेवटी हिग्जसोबत निर्माण झालेल्या डब्ल्यू किंवा झेड बोसॉनने दिलेल्या इलेक्ट्रॉन, म्युऑन किंवा हरवलेल्या संवेगाचा धागा पकडून त्या घटना राखल्या गेल्या. नवरदेव गर्दीत दिसेना, म्हणून करवलीवरून वरात ओळखली, असेच म्हणायचे.

प्रश्न : म्हणजे जे अपेक्षित आहे तेच ठेवले जाते. मग अनपेक्षित गोष्ट सापडणार कशी? हे शास्त्र झाले की आपल्याच समजुतीची पुष्टी?

उत्तर : आलेल्या पत्रांतला हा सर्वांत टोकदार प्रश्न आहे आणि त्याला गुळगुळीत उत्तर देता येणार नाही. धोका खरा आहे. ट्रिगरने टाकलेली घटना विश्लेषणात परत येत नाही, मग विश्लेषण करणारा कितीही निःपक्षपाती असो. समजा, निसर्गात असा एखादा कण असेल जो टकरीनंतर अर्धा मीटर जाऊन, किंवा डिटेक्टरच्या धातूत काही काळ अडकून, नंतर विघटित होतो. टकरीच्या बिंदूपासून लगेच बाहेर पडणाऱ्या कणांसाठी लिहिलेल्या अटींना तो दिसणारच नाही. अशा दीर्घायुषी कणांसाठी पुढे वेगळ्या अटी लिहाव्या लागल्या. अडकून राहिलेल्या कणांचा शोध तर झोतातील रिकाम्या जागांच्या वेळी, म्हणजे टकरा नसताना काही चमकते का हे पाहून, घेतला जातो. पण या अटी तरी का लिहिल्या गेल्या? कोणीतरी त्या शक्यतेची आधी कल्पना केली म्हणून. ज्याची कल्पनाच कोणी केली नाही त्याचे काय, हा तुमचा प्रश्न तरीही शिल्लक राहतो.

त्यावर दोन उपाय आहेत. एक जुना आणि साधा, दुसरा नवा. जुना उपाय असा की काही घटना कोणतीही अट न लावता, डोळे मिटून उचलायच्या. पुंजके एकमेकांतून गेले एवढेच निमित्त पुरे. या घटनांत नवे काही सापडण्याची शक्यता नगण्य असते. त्यांचे काम वेगळे आहे. आपण काय टाकतो आहोत याचा तो प्रामाणिक नमुना असतो. त्याशिवाय कोणत्याही अटीची कार्यक्षमता मोजता येत नाही, असे मात्र नाही : झेड बोसॉनची जोडीची रीतही फार उपयोगी पडते. झेड दोन म्युऑनांत विघटित झाला आणि त्यातल्या एकामुळे घटना निवडली गेली, तर दुसरा म्युऑन निवडीत फुकट आलेला असतो. त्याने एकट्याने अट पूर्ण केली असती का, हे लाखो वेळा तपासून ट्रिगरची नजर टक्क्याच्याही अंशापर्यंत मोजली जाते. ट्रिगर सर्व काही पकडत नाही यावर आमचा आक्षेप नाही. किती पकडतो हे ज्याला मोजून सांगता येत नाही, त्याच्या निष्कर्षांवर मात्र विश्वास ठेवू नये.

नवा उपाय यंत्रशिक्षणाचा आहे. न निवडलेल्या सामान्य घटना दाखवून एका लहान न्यूरल नेटवर्कला नेहमीचे काय असते ते शिकवायचे, आणि ज्या घटनेची मांडणी त्याला नीट जुळवता येणार नाही ती विचित्र समजून ठेवायची. सीएमएसने २०२४ मध्ये ॲक्सोलॉटल नावाचा असा ट्रिगर पहिल्या पातळीवर चालवला. त्याचा निर्णय शंभर नॅनोसेकंदांच्या आत होतो. यातून अनपेक्षिताचा प्रश्न सुटला असे आम्ही म्हणणार नाही. 'विचित्र' कशाला म्हणायचे हेही शेवटी नेटवर्कला दिलेल्या ढोबळ आकड्यांवर ठरते, आणि डिटेक्टरमधील बिघाड हा नेहमीच सर्वांत विचित्र दिसतो.

प्रश्न : एकदा टाकलेली घटना परत मिळवता येते का?

उत्तर : नाही. पण टाकणे आणि पूर्ण ठेवणे यांच्यामध्ये दोन पायऱ्या आहेत. घटनेचा कच्चा मजकूर सोडून फक्त मोजलेल्या कणांची काही किलोबाइटची नोंद ठेवली, तर कितीतरी पटींनी जास्त घटना राखता येतात. सीएमएसने २०११ मध्ये सुरू केलेल्या या पद्धतीला 'स्काउटिंग' म्हणतात. दुसरी पायरी 'पार्किंग'ची : घटना पूर्ण लिहून ठेवायची, पण तिच्यावर प्रक्रिया पुढे संगणक मोकळे होतील तेव्हा करायची. २०१८ मध्ये सीएमएसने एका म्युऑनच्या खुणेवरून दहा अब्जांहून अधिक घटना अशा बाजूला ठेवल्या. बॉटम क्वार्क जोडीने निर्माण होतात. एकाने म्युऑन देऊन घटना निवडवली की दुसरा कोणत्याही अटीचा ठसा न लागता अभ्यासाला मिळतो, ही त्यातली खुबी.

प्रश्न : संगणक नव्हते तेव्हा शास्त्रज्ञ काय करत?

उत्तर : १९३२ साली केंब्रिजमध्ये पॅट्रिक ब्लॅकेट आणि जुझेप्पे ओक्यालिनी यांनी मेघकक्षाच्या (कणाच्या वाटेवर वाफ साकळून त्याचा माग दिसतो अशा पेटीच्या) वर आणि खाली एकेक गायगर गणित्र (कण गेल्याची नोंद करणारे साधन) बसवले. दोन्ही गणित्रे एकाच वेळी वाजली, की अंतराळातून आलेला कण कक्षातून आरपार गेला असे समजून कक्ष प्रसरण पावे आणि छायाचित्र निघे. त्याआधी छायाचित्रे अंदाजाने काढली जात आणि बहुतेक कोरी निघत. या युक्तीनंतर बहुतेकांत कणांचे माग दिसू लागले. कण निघून गेल्यावर कक्ष प्रसरण पावूनही माग कसा दिसे? कणाने वाटेत मागे सोडलेले आयन क्षणभर जागच्या जागी टिकत, तोवर वाफ त्यांच्यावर साकळे. म्हणजे वायू हीच त्या यंत्राची स्मृती होती आणि आयन विखुरण्याआधी निर्णय होणे ही मुदत होती. वर सांगितलेली कप्प्यांची माळ याहून तत्त्वतः वेगळी नाही. पुढे आलेल्या बुडबुडा कक्षाला (तेथे कणाचा माग द्रवातील बुडबुड्यांनी उमटे) ही स्मृती नव्हती. कण येण्याआधीच त्याला सज्ज करावे लागे, त्यामुळे निवड करता येत नसे; मग लाखो छायाचित्रे माणसांनी डोळ्यांनी चाळली.

प्रश्न : पुढे ट्रिगरची गरजच उरणार नाही असे होईल का?

उत्तर : काही प्रयोगांत पहिली पातळी आताच गेली आहे. बॉटम क्वार्कांचा अभ्यास करणाऱ्या एलएचसीबी प्रयोगाने २०२२ पासून हार्डवेअरची पातळी काढून टाकली. त्यांना हवे असलेले कण टकरीच्या बिंदूपासून सेंटिमीटरभर जाऊन विघटित होतात; ही खूण कणांचे मार्ग जुळवल्याशिवाय दिसत नाही, आणि केवळ ऊर्जेवर निवड केली तर हवे असलेलेच मोठ्या प्रमाणात गळतात. म्हणून सेकंदाला सुमारे ४ टेराबाइट माहिती थेट संगणकांत आणून पहिली चाळणी ग्राफिक्स प्रोसेसरांवर लावली जाते. त्यांच्या घटना आकाराने लहान असल्यामुळेच हे परवडते. शिशाच्या अणुकेंद्रकांच्या टकरा पाहणाऱ्या ॲलिसमध्ये कारण आणखी वेगळे आहे : त्याच्या मोठ्या वायुकक्षात एका टकरीचे विद्युतभार टोकाला पोहोचायला सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात आणि सेकंदाला ५० हजार टकरा होऊ लागल्या की पाचेक टकरा एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक निवडून दुसरी टाकणे तेथे अशक्य, म्हणून नोंद अखंड चालते.

ॲटलास आणि सीएमएस यांना मात्र ही मोकळीक नाही. २०३० च्या सुमारास सुरू होणाऱ्या अधिक तीव्र झोताच्या पर्वात एका खेपेत १४० ते २०० टकरा होतील. सीएमएसची पहिली पातळी तेव्हा साडेबारा मायक्रोसेकंदांची मुदत घेऊन सेकंदाला साडेसात लाख घटना पुढे धाडील आणि प्रथमच आतल्या मार्गशोधकाची माहितीही वापरील. ही माहिती इतक्या वेगाने बाहेर काढता येत नाही असे वर म्हटले होते. त्यावर शोधलेला तोडगा असा. सिलिकॉनचे दोन पातळ थर काही मिलिमीटरांच्या अंतराने एकावर एक बसवायचे. चुंबकीय क्षेत्रात कमी संवेगाचे कण जास्त वळतात, त्यामुळे दोन थरांवरच्या त्यांच्या खुणांत मोठी सरक पडते. जोरकस कण जवळजवळ सरळ जातो आणि त्याच्या खुणा समोरासमोर येतात. थरांना जोडलेली चिपच दोन्ही खुणांची तुलना करते आणि सुमारे २ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टांहून अधिक आडवा संवेग दर्शवणाऱ्या जोड्या तेवढ्या ट्रिगरकडे पाठवते. बाकीच्या खुणा चिपच्या स्मृतीत पहिल्या पातळीच्या निकालाची वाट पाहत राहतात.